घरच्याच अंगणात घरचाच सत्कार

संपादक महोदय,

वाहिन्यांच्या पुरस्कार सोहळ्यांवरचा तुमच्या रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला, पटला, पण जरा हातचं राखूनच लिहिलाय असं वाटलं. झी मराठी काय, स्टार प्रवाह काय, आपापल्या सोहळ्यात पुरस्कार देतात ते स्वतःच्याच मालिकांना. म्हणजे मंडप यांचा, वरात यांची आणि आहेरही यांनाच! सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट सून, सर्वोत्कृष्ट कुटुंब, विभागच एवढे की रिकाम्या हाताने सहसा कुणी घरी जात नाही. आमच्या आई जेवणाचं ताट मांडीवर घेऊन अख्खा सोहळा बघतात, मध्येच म्हणाल्या, "अगं, दुसऱ्या चॅनलची ती सून हिच्यापेक्षा कितीतरी बरी काम करते, तिला का नाही बोलावलं?" आता काय सांगणार त्यांना.

अमेरिकेतल्या एमी या टीव्ही पुरस्कारांबद्दलही लोक बोटं मोडतात, आणि का मोडू नयेत, 'बेटर कॉल सॉल' या मालिकेला 53 नामांकनं मिळाली आणि एकही एमी नाही मिळाला. पण निदान तिथे वेगवेगळ्या वाहिन्यांच्या मालिका एकमेकींसमोर उभ्या राहतात आणि मत देतात ते त्या धंद्यातलेच लोक, त्यामुळे चुकलं तर कोण चुकलं हे तरी बोलता येतं. आपल्याकडे हरायलाच कुणी नाही तर जिंकलं कोण? सोहळे खुशाल करा, नाचगाणी आम्हालाही आवडतात, फक्त त्याला स्नेहसंमेलन म्हणा.

– एक प्रेक्षक, डोंबिवली