बाबा, माझ्या पगाराला गुणू नका

निशिकासाई, टोकियो

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, सकाळी उठल्या उठल्या येनचा भाव बघणं तेवढं बंद करा. 2021 च्या सुरुवातीला येनला 70 पैसे मिळायचे आणि 2024 च्या जुलैत तो 52 पैशांवर घसरला, हे खरं. पण त्यावरून ‘पोरीचा पगार पाव हिश्शाने गेला’ असं काकांना सांगत सुटलात, ते काही पटलं नाही. मला पगार येनमध्ये मिळतो. भाडं, भाजी, लोकलचा पास हेही येनमध्येच. आयातीवर चालणारी वीज आणि पाव महागले, तेवढी झळ बसली. खरी खोट दिसते ती तुम्हाला पैसे पाठवताना. लाख येनचे पूर्वी 70 हजार हातात पडायचे, आता त्याहून बरेच कमी पडतात.

हाच घोळ देशांच्या हिशेबातही होतो. डॉलरमध्ये मोजलं तर जपानचं दरडोई उत्पन्न 2012 मध्ये 49 हजारांच्या आसपास होतं आणि 2023 मध्ये 34 हजारांवर आलं. म्हणजे दर तीन घासांतला एक घास गेला म्हणायचा! इथे राहून तसं काही दिसत नाही. घसरला तो मुख्यतः येनचा भाव.

म्हणून राहणीमान मोजायला क्रयशक्ती समानता, म्हणजे पीपीपी वापरतात. बँकेत डॉलरला किती रुपये मिळतात हे त्यात बघत नाहीत. अमेरिकेत एका डॉलरला जेवढा माल आणि सेवा मिळतात, तेवढ्याच आपल्याकडे घ्यायला किती रुपये लागतात, ते बघतात. अशी किंमत-तुलना 1968 पासून चालू आहे. पहिल्या फेरीत 1970 साठी दहाच देश होते आणि त्यांत भारत आणि जपान दोन्ही होते. 2017 च्या फेरीत भारताचा आकडा आला 20.65 रुपये. बाजारात तेव्हा डॉलर 65 रुपयांना होता! जपानचा आला सुमारे 105 येन.

आता तुम्हीच 20.65 ला 105 ने भागा, कॅश काउंटरवर आयुष्य काढलंय तुम्ही. एक येन म्हणजे साधारण 20 पैसे. माझे साडेतीन लाख येन बाजारभावाने दोन लाख रुपयांच्या घरात जातात, पण जगण्याच्या हिशेबात ते 70 हजारच. काकांना सांगायचंच असेल तर हा आकडा सांगा. तो ऐकून बंटीला टोकियोला पाठवायची त्यांची घाई जरा कमी होईल.

एवढा फरक का पडतो? परवा केस कापायला गेले. साडेचार हजार येन. कराडला आईच्या पार्लरमध्ये दोन-अडीचशेत होतं. कात्री तीच, वेळ तेवढाच, इथली बाई काही जास्त भराभर कापत नाही. पण तिला कमी पगार दिला तर ती दुसरं काम धरेल, कारण या देशात कारखान्यांतल्या यंत्रांमुळे माणशी उत्पादन खूप आणि त्यामुळे मजुरीही चढी. केस काही बोटीत घालून कराडला कापायला पाठवता येत नाहीत. मोबाइल मात्र दोन्हीकडे जवळपास सारख्याच किमतीला. त्यामुळे हे 20 पैसे सरासरीचे आहेत. गवंडी, धुणंभांडी, रिक्षा यांत तुमचा रुपया दणदणीत चालतो. पेट्रोल आणि लॅपटॉपमध्ये त्याला कुणी विचारत नाही.

मोजणीतही कटकटी आहेत. तांदूळ म्हटला तर कुठला? आपला कोलम की इथला चिकट? त्यात 2025 मध्ये इथे पाच किलोची पिशवी चार हजार येनच्या वर गेली, आदल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट. मी रोज भात खाते, त्यामुळे माझी महागाई सरासरीपेक्षा जास्तच.

आणि तुम्ही पाठवलेलं ते ‘भारत जगात तिसरा’ वालं कात्रण. पीपीपीने एकूण अर्थव्यवस्थेत आपण जपानला केव्हाच मागे टाकलंय, खोटं नाही. पण आपण 140 कोटी, हे साडेबारा कोटीसुद्धा नाहीत. माणशी बघितलं तर 2023 मध्ये बाजारभावाने जपानी माणूस आपल्या साधारण तेरापट श्रीमंत होता, पीपीपीने पाचपट. मला तो पाच जास्त खरा वाटतो. मात्र गॅस आणि तेल बाहेरून आणायचं तर देशाला डॉलरच मोजावे लागतात, तिथे पीपीपी दाखवून कुणी उधार देत नाही.

गच्चीचं काम येन वधारेपर्यंत थांबवायचं म्हणता, ते नको. त्यात निम्म्याहून जास्त मजुरीच आहे आणि माझा येन कराडच्या मजुरीत अजूनही भरपूर पुरतो. गवंड्याला पावसाच्या आधीची तारीख देऊन टाका. पैसे सोमवारी पाठवते.

तुमची,
मनू