तीन आवाजांचा कमोडोर

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या संगणकांवरचा लेख आवडीने वाचला. मात्र त्या काळच्या घरगुती संगणकांना पिपाणीपलीकडे काही वाजवता येत नसे, हे विधान खटकले. निदान कमोडोर ६४ च्या बाबतीत ते साफ चुकीचे आहे.

१९८२ साली आलेल्या या संगणकात बॉब यानेस यांनी आखलेली ‘सिड’ नावाची चिप होती. एका वेळी आवाज तीनच. पेटीवर चौथे बोट टेकवायचे नाही, अशी अट घातल्यासारखे! पण प्रत्येक आवाजाचा पोत, त्याची उठावण आणि विरणे ठरवता येई. वर आवाजातले ठरावीक सूर गाळून त्याचा रंग बदलणारा फिल्टरही होता.

खरी करामत वाजवणाऱ्यांची. ब्रिटनमधले संगणकी खेळांचे संगीतकार रॉब हबर्ड, मार्टिन गॅलवे ही मंडळी चाली चक्क आकड्यांत लिहीत. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन सूर हवेत, पण बाकीचे दोन आवाज गुंतलेले? मग उरलेल्या एकाच आवाजात सा-ग-प इतक्या झपाट्याने फिरवायचे, सेकंदाला ५० वेळा सूर बदलायचा, की कानाला तिन्ही एकत्र भासतात. ढोल हवा? सेकंदाच्या पन्नासाव्या भागात नुसती खरखर, लगेच खाली घसरणारा सूर, आणि तोच आवाज पुन्हा बेस, म्हणजे खर्जातली साथ धरायला मोकळा.

आणखी एक गंमत. या चिपची व्हॉल्यूमची पायरी बदलली की ‘टक्’ असा आवाज येई. हा खरे तर दोष. पण तीच टकटक सेकंदाला हजारो वेळा करून लोकांनी त्यातून ध्वनिमुद्रित ड्रम वाजवले, माणसाचे बोलणेसुद्धा. पुढे सिडचीच सुधारित आवृत्ती, ८५८० चिप, आली, दोष गेला, आणि ते ड्रम जेमतेम ऐकू येऊ लागले. सुधारणा म्हणतात ती ही!

आमच्याकडे १९८७ मध्ये मामाने लंडनहून कमोडोर आणला. टीव्हीवर चित्र येई, आवाज नाही. तिकडच्या आणि इकडच्या प्रसारणात आवाजाची फ्रिक्वेन्सी वेगळी. शेवटी मागच्या गोल सॉकेटमधून वायर काढून टेपरेकॉर्डरला जोडली. वडील तबला वाजवत. ते आतून ओरडले, ‘‘अरे, ठेका कोण धरतंय?’’ दहावीच्या वर्षी अभ्यास सोडून खेळतोय म्हणून रागवायचे राहिलेच. खुर्ची ओढून बसले.

जाता जाता : लेखासोबतचे छायाचित्र कमोडोरचे नाही, त्याच काळच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या दुसऱ्या घरगुती संगणकाचे आहे. उजव्या कोपऱ्यातला रंगीत पट्टा पाहावा. त्या बिचाऱ्याकडे तर एकच बीपर होता, चालू किंवा बंद. त्यातूनही टिम फॉलिनसारख्यांनी एका वेळी अनेक सूर काढले, पण त्यासाठी दुसरे पत्र लिहावे लागेल.

आपला,
एक वाचक, सांगली