बेडकाच्या कातडीतली ढाल

संपादक साहेब, नमस्कार.
अँटिबायोटिक लागू पडेनाशी झालीत याच्या बातम्या तुम्ही छापता, पण शरीराच्या स्वतःच्या तटबंदीवर एकदा पूर्ण पान द्या ना. अमेरिकेत डॉ. मायकल झॅसलॉफ यांच्या लक्षात आलं की ऑपरेशन केलेले आफ्रिकन बेडूक टाके घालून तसेच जंतूंनी भरलेल्या टाकीत सोडले तरी जखम चिघळत नाही, मग त्यांनी कातडीतून प्रत्येकी 23 अमिनो ॲसिडची दोन पेप्टाइड (म्हणजे प्रथिनांसारख्याच पण छोट्या साखळ्या) काढली, 1987 ला जाहीर केली नि नाव ठेवलं मॅगेनिन, हिब्रूत मॅगेन म्हणजे ढाल. किती सुंदर नाव! बॅक्टेरियाचं आवरण निगेटिव्ह चार्जचं आणि ही पेप्टाइड पॉझिटिव्ह, म्हणून ती जाऊन चिकटतात नि आवरणाला भोकं पाडतात. आपल्या कातडीत, आतड्यातही डिफेन्सिन नावाची अशीच पेप्टाइड असतात.

माझ्या वडिलांना शुगर, पायाची जखम चार महिने भरली नाही म्हणून मी हे सगळं वाचायला लागलो. मॅगेनिनवरून अशाच जखमांसाठी पेक्सिगॅनन क्रीम केलेलं, 1999 ला अमेरिकेत मंजुरी नाकारली, वाचून फार वाईट वाटलं.

आणि कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक, तेही पेप्टाइडच, आयसीयूतलं शेवटचं हत्यार, ते आपण कोंबड्यांना वजन वाढवायला खाऊ घालत होतो!! 2019 ला सरकारने बंदी घातली. ती खरंच पाळली जाते का, हे तुमच्या तालुक्याच्या वार्ताहरांनी पोल्ट्रीवर जाऊन विचारावं ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, सातारा