यूपीएस आहे, पण सर्व्हर नीट बंद होतात का?

संपादक महोदय,

पावसाळ्यात आमच्या फोंड्यात वीज गेली की सर्व्हर सांभाळणाऱ्यांची धांदल उडते. प्रॉक्समॉक्स या एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (आभासी संगणक) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असे मशीन बंद होण्याची मुदत मुळात १८० सेकंद असते. डेटाबेससाठी ती वाढवली की काम झाले, असे अनेकजण मानतात. मात्र मशीन हाय-अव्हेलेबिलिटीखाली (एचए, म्हणजे बंद पडलेले मशीन आपोआप पुन्हा चालू करणारी सोय) असेल तर मशीन चालू-बंद होण्याचा क्रम आणि मुदत ठरवणाऱ्या त्या सेटिंगकडे यंत्रणा पाहतच नाही. बंद-चालू करणे ही सोय सांभाळणाऱ्या एचए मॅनेजर या प्रोग्रामच्या हाती जाते. त्यामुळे थांबवण्याचा आदेश त्याच्यामार्फतच, पुरेशी मुदत देऊन द्यावा. मशीनमधल्याच ऑपरेटिंग सिस्टीममधून बंद केलेले मशीन तो पुन्हा सुरू करतो! मशीनच्या आत गेस्ट एजंट (बाहेरून आलेला बंद होण्याचा आदेश पाळणारा छोटा प्रोग्राम) बसवलेला हवा. रुग्णालये आणि पतसंस्थांनी सर्व्हर नीट बंद होतात का याची चाचणी चतुर्थीच्या सुट्टीआधी, यूपीएसची बॅटरी किती टिकते हे मोजूनच करावी. लोकांच्या नोंदी या सर्व्हरवर आहेत.

– एक सिस्टीम प्रशासक, फोंडा