कुमार विजेतेपदानंतरची आठ वर्षे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुमार गटातल्या एखाद्या आंतरराष्ट्रीय टेनिस विजेतेपदाची बातमी आली, की क्रीडा पानावर 'भावी विजेता' हे शब्द ठरलेले असतात. तोच मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा झाला की पानावरून नाहीसा होतो. घरी-दारी मात्र प्रश्न सुरू होतात: अजून पहिल्या शंभरात कसा नाही? पैसे घालून काय मिळाले? या प्रश्नांचे उत्तर हंगेरीच्या मार्टन फुचोविचच्या कारकिर्दीत फार स्पष्ट दिसते. आपल्याकडे तो फेडरर किंवा जोकोविचकडून हरलेला खेळाडू म्हणूनच लोकांना आठवतो. त्याची कारकीर्द नीट वाचली, तर आपल्या पालकांना आणि संघटनांना त्यातून बरेच काही घेता येईल, म्हणून हे पत्र.

फुचोविचचा जन्म ८ फेब्रुवारी १९९२ चा, हंगेरीच्या ईशान्येकडील न्यीरेजहाझा शहरातला. २०१० मध्ये त्याने विम्बल्डनचे कुमार एकेरीचे विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या बेंजामिन मिचेलला ६-४, ६-४ असे हरवले. त्याच वर्षी तो कुमार क्रमवारीत पहिलाही झाला. पुरुषांच्या मुख्य टूरवर त्याचे पहिले विजेतेपद आले ते मे २०१८ मध्ये, जिनिव्हाला. उपांत्यपूर्व फेरीत आदल्या वर्षीचा विजेता वावरिंका ६-४, ६-० असा हरला आणि अंतिम फेरीत पीटर गोयोव्चिक ६-२, ६-२. तेव्हा फुचोविच २६ वर्षांचा होता. कुमार विम्बल्डन आणि जिनिव्हा यांच्यात जवळजवळ आठ वर्षे गेली. ती वर्षे त्याने सर्वांत खालच्या व्यावसायिक स्पर्धा आणि चॅलेंजर (त्यांच्या वरच्या, पण मुख्य टूरच्या खालच्या स्पर्धा) यांत घालवली. त्यात त्याचे काही चुकले होते असे नाही. ही शिडी इतकीच लांब आहे.

शिडीचे गणित आजच्या आकड्यांत मांडतो. पुरुषांच्या सर्वांत खालच्या, एम १५ स्पर्धेत विजेत्याला क्रमवारीचे १५ गुण मिळतात, उपविजेत्याला ८, उपांत्य फेरीत हरल्यास ४, उपांत्यपूर्व फेरीत २ आणि पहिली फेरी जिंकून दुसरीत हरल्यास १. पहिल्याच फेरीत हरले तर काहीच नाही. पहिल्या शंभरात यायला साधारण ६०० गुण लागतात. वर्षभरातले सगळे निकाल मोजले जात नाहीत, फक्त सर्वोत्तम अठरा-एकोणीसच धरतात. म्हणजे कोणी वर्षात १९ एम १५ स्पर्धा जिंकण्याचा चमत्कार केला, तरी गुण होतात २८५ आणि क्रमांक राहतो दोनशेच्या आसपास. खाली कितीही जिंका, वरच्या पायरीवर गेल्याशिवाय शंभर गाठता येत नाही. चॅलेंजरमध्ये श्रेणीनुसार विजेत्याला ५०, ७५, १००, १२५ किंवा १७५ गुण मिळतात. खरे दार तिथे आहे.

पैशांचेही तसेच. एम १५ मध्ये पहिल्या फेरीत हरलेल्याच्या हाती दीडशे डॉलरच्या आसपास पडतात, तेही कर कापायच्या आधी. विमान, खोली, जेवण, प्रत्येक सामन्याआधी दोन-तीन रॅकेटची तार ओवून घेणे, फिजिओ आणि सोबत प्रशिक्षक असेल तर त्याचाही खर्च, हे सगळे खेळाडूच्या खिशातून जाते. चॅलेंजरच्या मुख्य फेरीत निदान राहण्याची सोय आयोजक करतात. ग्रँड स्लॅममध्ये मात्र चित्र एकदम पालटते. २०२५ च्या विम्बल्डनला पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही ६६,००० पौंड होते. १२८ जणांच्या मुख्य फेरीत १०४ जागा थेट क्रमवारीवर, १६ पात्रता फेरीतून आणि ८ वाइल्ड कार्डच्या, म्हणजे आयोजकांनी आपल्या पसंतीने दिलेल्या. म्हणून ९५ वा आणि १२५ वा खेळाडू यांच्या खेळात फार अंतर नसले, तरी त्यांच्या बँक खात्यांत खूप असते. ही दरी थोडी बुजवण्यासाठी पुरुषांची टूर चालवणाऱ्या एटीपी या संघटनेने २०२४ पासून पहिल्या अडीचशे खेळाडूंना किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना सुरू केली. फुचोविच खालच्या पायऱ्यांवर होता तेव्हा तीही नव्हती.

आता त्याचे २०१७ पाहा. जूनमध्ये त्याने इंग्लंडमधली इल्कलीची हिरवळीवरची चॅलेंजर जिंकली. तिच्या विजेत्याला विम्बल्डनचे वाइल्ड कार्ड मिळण्याची पद्धत होती आणि ते त्याला मिळाले. सप्टेंबरमध्ये डेव्हिस करंडक या देशांच्या सांघिक स्पर्धेत हंगेरीने बुडापेस्टला रशियाला ३-१ असे हरवून दोन दशकांनंतर जागतिक गटात जागा मिळवली, त्यात त्याचा मोठा वाटा होता. वर्षअखेर तो पहिल्या शंभरात होता. त्यामुळे जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनला पात्रता फेरीचे तीन सामने न खेळता तो ताजा उतरला, तेरावे मानांकन असलेल्या सॅम क्वेरीला हरवले आणि चौथ्या फेरीत फेडररपर्यंत पोहोचला. हा क्रम महत्त्वाचा आहे: एक चॅलेंजर विजेतेपद, त्यातून मोठ्या स्पर्धेची जागा, क्रमांक, क्रमांकामुळे थेट प्रवेश, आणि मग मोठे गुण. या काळात माजी खेळाडू आटिला शावोल्ट त्याचा प्रशिक्षक होता. मार्च २०१९ मध्ये तो कारकिर्दीतल्या सर्वोच्च, ३१ व्या क्रमांकावर पोहोचला.

त्याच्या खेळाबद्दलही लिहायला हवे, कारण कुमार विजेते पुढे का अडतात हे त्यातून कळते. कुमार गटात फटक्यांच्या वेगावर सामना मिळतो, समोरच्याची दुसरी सर्व्हिस लुळी असते आणि चूक तोच आधी करतो. चॅलेंजरमध्ये चूक फुकट मिळत नाही. तिथे तुमचीच दुसरी सर्व्हिस आखूड पडली, की समोरचा आत येऊन ती मारतो. फुचोविच १८८ सेंटिमीटर उंच असला तरी केवळ सर्व्हिसवर जिंकणारा खेळाडू नाही. त्याची शिदोरी म्हणजे दमदार शरीर, कोपऱ्यातून चेंडू परत आणणारे पाय आणि दोन हातांचा भरवशाचा बॅकहँड. असा खेळ पिकायला वेळ लागतो, कारण प्रत्येक गुणाला जास्त फटके मारावे लागतात आणि कोणता चेंडू परतवायचा आणि कोणता मारायचा, ही निवड सामने खेळूनच पक्की होते. आमच्या मते पाच सेटच्या काही मोठ्या सामन्यांत तो उजवा ठरला तो त्यामुळेच.

मार्च २०२१ मध्ये रॉटरडॅमला तो पात्रता फेरीतून थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि आंद्रे रुबलेव्हकडून सरळ सेटमध्ये हरला. चार महिन्यांनी विम्बल्डनच्या चौथ्या फेरीत समोर पुन्हा रुबलेव्ह. या वेळी फुचोविच ६-३, ४-६, ४-६, ६-०, ६-३ असा जिंकला. एक सेट घेऊन दोन गमावल्यावर चौथा सेट ६-० घेणे याला नुसती हिंमत पुरत नाही. तिसऱ्या तासातही पहिल्या तासाइतके वाकता आणि पळता यावे लागते. क्रमवारीत ४८ वा असलेला हा खेळाडू उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. विम्बल्डनमध्ये १९४८ च्या योझेफ अश्बोतनंतर कोणत्याही हंगेरियन पुरुषाने ही मजल मारली नव्हती. पुढे जोकोविचने त्याला तीन सेटमध्ये हरवले. आपल्या पानावर तेवढाच सामना छापून आला असणार.

नंतर जे घडले ते प्रत्येक पालकाने समजून घ्यावे. क्रमवारीतले गुण ५२ आठवडे टिकतात. पुढच्या वर्षी त्याच सुमारास तेवढी कामगिरी पुन्हा करावी लागते, नाहीतर गुण गळतात. विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीचे तेव्हा ३६० गुण होते. २०२२ मध्ये विम्बल्डनने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला, म्हणून एटीपीने त्या वर्षीच्या स्पर्धेला गुणच दिले नाहीत. फुचोविचचे ३६० गेले आणि ते परत मिळवायची संधीही मिळाली नाही. पहिल्या शंभराच्या उंबरठ्यावर ज्या खेळाडूकडे सगळे मिळून सहाशे गुण असतात, त्याला हा आकडा किती मोठा आहे ते सांगायला नको. तीस वर्षांचा, कधीकाळी ३१ व्या क्रमांकावर असलेला खेळाडू पुन्हा चॅलेंजरमध्ये उतरला. जानेवारी २०२३ मध्ये त्याने कॅनबेराची चॅलेंजर जिंकली. एप्रिल २०२४ मध्ये बुखारेस्टला मारियानो नावोनेला ६-४, ७-५ असे हरवून टूरवरचे दुसरे विजेतेपद मिळवले, पहिल्यानंतर सहा वर्षांनी.

२०२५ च्या विम्बल्डनला तो पात्रता फेरीत हरला होता. अशा वेळी बॅग भरून निघून जाणारे पुष्कळ असतात. शेवटच्या पात्रता फेरीत हरलेल्या खेळाडूने तिथेच थांबून लकी लूझरच्या यादीत सही करायची असते. मुख्य फेरीतल्या कोणी माघार घेतली तर जागा मिळते, पण हजर आणि खेळायला तयार असाल तरच. फुचोविचला ती मिळाली. त्याने दुसऱ्या फेरीत गेल मॉन्फिसला पाच सेटमध्ये हरवले आणि तिसऱ्या फेरीपर्यंत गेला: १०० गुण आणि १,५२,००० पौंड. त्याच उन्हाळ्यात विन्स्टन-सेलमला बोटिक व्हान डे झांडशुल्पला ६-३, ७-६ असे हरवून तिसरे विजेतेपद, वयाच्या ३३ व्या वर्षी.

हंगेरीची लोकसंख्या एक कोटीहून कमी. जिनिव्हाच्या आधी पुरुष एकेरीतले टूरवरचे विजेतेपद तिथे आले होते ते १९८२ मध्ये, बलाझ तारोचीच्या नावावर. मधली छत्तीस वर्षे कोरडी गेली. फुचोविच टिकला आणि पाठोपाठ पुढची नावे आली. २०२३ मध्ये रोमला १३५ व्या क्रमांकाच्या फाबियान मारोझानने पात्रता फेरीतून येऊन कार्लोस अल्काराझला सरळ सेटमध्ये हरवले. एकामुळेच दुसरा घडला असे आम्ही म्हणणार नाही. पण सरावाला रोज समोर पहिल्या पन्नासातला माणूस असणे याचे मोल कोणताही प्रशिक्षक जाणतो.

आपल्याकडेही कुमार विजेते कमी झालेले नाहीत. १९७९ मध्ये रमेश कृष्णन आणि १९९० मध्ये लिअँडर पेस विम्बल्डनचे कुमार विजेते होते, तर युकी भांबरी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा. युकीची गोष्ट फुचोविचच्या शेजारी ठेवून पाहावी. कुमार विजेतेपदे अवघ्या दीड वर्षाच्या अंतराने आलेली. एप्रिल २०१८ मध्ये युकी एकेरीत ८३ वा होता, म्हणजे दोघेही एकाच सुमारास वर आले. मग दुखापतींनी युकीची एकेरी थांबवली. त्याने दुहेरीत पुन्हा बांधणी केली आणि २०२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये दुहेरीची उपांत्य फेरी गाठली. आमच्या दृष्टीने ही यशस्वी कारकीर्द आहे. तिच्या मधल्या वर्षांची बातमी कोणी नीट दिली नाही, एवढेच.

आता महाराष्ट्रातल्या संघटनांसाठी काही. बालेवाडीला २०१८ पासून २०२३ पर्यंत एटीपी २५० (मुख्य टूरची सर्वांत खालची श्रेणी) स्पर्धा होत होती, आता तिथे चॅलेंजर होते. अनेकांना ही उतरण वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. क्रमवारीत तीनशेच्या घरात असलेल्या भारतीय मुलाला २५० च्या स्पर्धेत वाइल्ड कार्ड मिळाले, तर बहुधा पहिल्याच फेरीत खेळ संपतो. चॅलेंजरमध्ये तोच मुलगा दोन सामने जिंकू शकतो आणि त्याचे गुण वर्षभर उपयोगी पडतात. मात्र एकाच स्पर्धेने भागत नाही. एम १५ आणि त्यांच्या एक पायरी वरच्या एम २५ स्पर्धा पुणे, मुंबई, सोलापूर, नागपूर अशा सलग तीन-चार आठवड्यांच्या साखळीत घेतल्या, तर खेळाडू रेल्वेने फिरतो आणि विमानाच्या पैशांत त्याचा फिजिओ सोबत येऊ शकतो. शिष्यवृत्त्याही अठराव्या वर्षी थांबतात. त्या तेव्हा सुरू करून पंचविसाव्या वर्षापर्यंत द्यायला हव्यात.

पालकांसाठीही दोन गोष्टी. गुणांच्या मागे धावत वर्षाला तीस-तीस स्पर्धा खेळवू नका. सहा आठवडे सलग सरावाचे मिळाले नाहीत तर सर्व्हिस बदलता येत नाही, आणि खांदा आधी बोलू लागतो. आणि चॅलेंजरच्या पात्रता फेरीत घाईने ढकलू नका. एम २५ मध्ये मुलगा नियमित उपांत्य फेरी गाठू लागला, की मग वर न्यावा. अलीकडे वर्षअखेर कुमार क्रमवारीत पहिल्या वीसमध्ये असलेल्यांना चॅलेंजरमध्ये काही राखीव प्रवेश मिळतात. ती सोय जरूर वापरावी, पण ती एकाच वर्षाची असते.

आपल्या क्रीडा पानाला विनंती अशी, की दर मंगळवारी एक छोटी चौकट द्यावी: आदल्या आठवड्यात चॅलेंजर आणि आयटीएफ (एम १५, एम २५) स्पर्धांत भारतीय खेळाडू कुठे खेळले, कोणत्या फेरीपर्यंत गेले, किती गुण मिळाले, आणि पुढच्या चार आठवड्यांत कोणाचे किती गुण गळणार आहेत. क्रमवारी सोमवारी जाहीर होते. त्यामुळे ही माहिती वेळेवर मिळते आणि पाच-सहा ओळींत मावते.

आपले विश्वासू,
काही टेनिस प्रशिक्षक, पुणे