कमोड हलतो, हे खरं मानणाऱ्या मेस्त्रींना

मेस्त्री, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हीच म्हणालात, नाव सगळीकडे झालं की फोन थांबत नाहीत आणि मग माणूस खोटं बोलायला लागतो. पण गणेश चवथीच्या आठ दिवस आधी, भर पावसात, गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या घरी येऊन तुम्ही जे केलंत ते लिहिल्याशिवाय मला चैन पडेना.

गेल्या वर्षी आईचं खुब्याचं हाड मोडलं. बांबोळीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, खाली बसायचा संडास बंद झाला म्हणून कमोड बसवून घेतला. दोन महिन्यांत तिचं सुरू झालं, "हालता गो तो." पहिला आला, त्याने बुडाशी पांढरं सिमेंट थापलं आणि 800 रुपये घेऊन गेला. 15 दिवसांत सिमेंटला चीर. दुसऱ्याने उभ्या उभ्या पाय लावून बघितलं आणि आईच्या देखत मला म्हणाला, "कमोडला काही झालेलं नाही. आजींना भास होतो, वयाचं असतं." तिसरा "फाल्यां येतां" म्हणाला होता. ते फाल्यां अजून उजाडलेलं नाही.

लाज वाटते सांगायला, पण दुसऱ्याचं मला थोडं पटलं होतं. मीही दाबून पाहिलं होतं, मला काही जाणवलं नव्हतं. मग एकदा लक्षात आलं, की संध्याकाळनंतर आई पाणीच पीत नाही. रात्री उठावं लागू नये म्हणून.

तुम्ही आलात आणि पिशवी उघडायच्या आधी खुर्ची मागितलीत. मला वाटलं, दमला असाल. तुम्ही ती न्हाणीच्या दाराशी ठेवलीत, आईला बसवलंत आणि म्हणालात, "आजी, तूं कशी उठता तें मातशें दाखय." ती लाजली. तुम्ही खाली, तिच्या पावलांकडे बघत राहिलात. ऑपरेशनचा पाय वाचवत, सगळा भार उजव्या अंगाला टाकून ती उठली. तुम्ही एवढंच म्हणालात, "बरोबर. हालतलोच तो."

मेस्त्री, त्या क्षणी आईचा चेहरा मी पाहिला. कितीतरी महिन्यांत कोणी तिला खरं मानलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

पुढचं काम मला अर्धंच कळलं. नाणं वाजवून तुम्ही उजव्या बोल्टाजवळची लादी पोकळ असल्याचं दाखवलंत. खाली बोल्ट धरून ठेवणारी गिट्टी जागच्या जागी फिरत होती. जमिनीचा उतार मोरीकडे, त्यामुळे कमोड पुढच्या कोपऱ्यात टेकतच नव्हता. त्या फटीत तुम्ही बारीकशी प्लास्टिकची पाचर सरकवलीत. नवी भोकं लादीखालच्या कोब्यापर्यंत नेलीत. मी म्हटलं, आवळा अजून, तर हसलात. "चिनी मातीचं भांडं आहे बाई. जास्त आवळलं की आजच तडकेल नाहीतर चवथीला." कडेने सिलिकॉन भरलंत, मागे मात्र थोडी जागा मुद्दाम उघडी ठेवलीत. पाणी झिरपलं तर आत लपून राहू नये, दिसावं म्हणून. आधीच्यांनी सगळं लिंपून टाकलं होतं. लिंपलं की दिसत नाही, आणि दिसत नाही तोवर पैसे घेऊन सटकता येतं!

अवजारं सगळ्यांकडे तीच असतात. म्हातारं माणूस काही सांगतंय तर आधी ते ऐकून घ्यावं, याला कुठलं मशीन लागतं? हल्ली डॉक्टरकडे, बँकेत, कुठेही गेलं तरी आईचं बोलणं तिला डावलून माझ्याशी होतं. तुम्ही पैसे किती झाले हेसुद्धा तिलाच सांगितलंत. (तिने घासाघीस केली, त्याबद्दल माफी.)

24 तास वापरू नका म्हणालात, तर ती घड्याळ लावून शेजारी जात होती. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला, "हालता?" तिने दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवून पाहिलं आणि फोनवर ओरडली, "ना रे पुता!"

चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली खुर्ची टाकून ती सगळ्या पाहुण्यांना खुर्चीवरून उठण्याची गोष्ट सांगत होती. परवा रात्री दोनला फ्लशचा आवाज आला आणि मी कूस बदलून झोपले.

तुमच्यासाठी नेवऱ्यांचा डबा काढून ठेवलाय. या बाजूला आलात तर घेऊन जा. देव बरें करूं.