आजींचा आवाज आजींचाच ठेवणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

स्टुडिओत आभार मानायला लागलो की तुम्ही "पुढचं रील लावा" म्हणून विषय बदलता. म्हणून आपल्या सिनेमाचे संवाद तुम्ही कसे वाचवलेत, ते आज चारचौघांत लिहितोय.

ऐन आषाढात, कोकणात, पत्र्याच्या पडवीत आपलं शूटिंग झालं. पत्र्यावरचा पाऊस कपड्याला लावलेल्या लेपल माइकमध्येही शिरला आणि काठीवर धरलेल्या बूम माइकमध्येही. बोलण्यात जे खालचे-वरचे स्वर असतात तेवढ्याच पट्ट्यात पाऊसही पसरलेला, त्यामुळे पाऊस काढायला जावं तर शब्दही झिजतात. सगळ्यांनी एकच सल्ला दिला: सरसकट डब करा, म्हणजे संवाद स्टुडिओत पुन्हा बोलून घ्या, आणि सिनेमात काम केलेल्या आजी काही नटी नाहीत, त्यांच्या जागी एखादी डबिंग आर्टिस्ट घ्या. आपल्याकडे हा सल्ला जुनाच. कॅमेऱ्यांच्या घरघरीमुळे अनेक दशकं जागेवरचा आवाज फक्त खुणेपुरता ठेवायचे. 'लगान'ने २००१ मध्ये जागेवरचेच संवाद वापरले, तेव्हा त्याचं केवढं अप्रूप वाटलं होतं!

तुम्ही डबिंगचे माणूस, पण आधी डबिंग टाळायच्या मागे लागलात. बाद टेकचे ट्रॅकसुद्धा मागवून घेतलेत. पाऊस जरा थांबला होता त्या टेकमधून एखादा शब्द, दुसरीकडून वाक्याची नुसती शेपटी, असं वेचून निवडलेल्या चित्राखाली बसवत गेलात. सांधे झाकायला पडवीतली नुसती शांतता वापरलीत. आमच्या लोकेशन रेकॉर्डिस्टने सगळ्यांना गप्प उभं करून ती टिपली होती, तेव्हा युनिट किती वैतागलं होतं! इतकं करूनही जे वाचलं नाही, तेवढंच डबिंगला ठेवलंत.

प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात, ती जागा चुकता कामा नये, हे नटांना तुम्ही सांगितलंतच. सेकंदाला २४ फ्रेम. एखादी इकडेतिकडे चालते, तीन-चार सरकल्या की डोळ्याला खुपतं. पण तुमचा खरा आग्रह श्वासाचा होता. भरली घागर उचलताना म्हटलेलं वाक्य स्टुडिओतही भरली घागर उचलूनच म्हणायला लावलंत. स्टुडिओचा मोठा माइक बाजूला ठेवून शूटिंगचेच बूम आणि लेपल मागवलेत, कारण फार देखणा आवाज शेजारच्या खऱ्या आवाजांत उपरा वाटतो. पडवीत फुगे फोडून तिथला घुमारा टिपलात आणि स्टुडिओतल्या कोरड्या आवाजांवर तोच चढवलात.

आणि आजी. त्या मुंबईला येणार नव्हत्या. डबिंग स्टुडिओत तीन बीप ऐकायचे, चौथा मनात मोजून पडद्यावरच्या स्वतःच्या ओठांवर बोलायचं, ही कसरत सरावलेल्या नटांनाही घाम फोडते. पाऊस ओसरल्यावर तुम्हीच रेकॉर्डर घेऊन त्यांच्या घरी गेलात. दारंखिडक्यांवर त्यांच्याच गोधड्या टांगल्यात, पंखा आणि फ्रीज बंद केलात. चित्र दाखवलंच नाहीत. हेडफोनवर त्यांचंच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवायचं, संपलं की त्यांनी लगेच तसंच म्हणायचं, ही जुनी लूपची पद्धत. "माका माझोच आवाज कित्याक ऐकवतस?" असं विचारणाऱ्या आजी हळूहळू त्याच चालीत, त्याच दमात बोलायला लागल्या. पुढे तुम्ही अक्षर अक्षर ओढून ओठांवर बसवलंत आणि सगळ्यात शेवटी पत्र्यावरचा तोच पाऊस त्याखाली परत सोडलात.

चेहरा आजींचा आणि गळा भलत्याच बाईचा असता, तर मला तो सिनेमा आपला म्हणवला नसता. तुम्ही ती वेळ येऊ दिली नाहीत, याबद्दल मनापासून आभार.

पुढच्या सिनेमाच्या जागा बघायला कॅमेरामनच्या आधी तुम्हाला नेणार आहे. तारखा ठरल्या की फोन करतो.

तुमचा,
दिग्दर्शक